एफएमवर कोणतं गाणं लागणार, हे ठरतं कसं? फॉर्मॅट, तासाचं घड्याळ आणि मराठी गाण्याची जागा

सकाळी दुकानाचं शटर वर करताना एफएमवर जे गाणं लागलेलं असतं, तेच दुपारी डबा खाताना लागतं आणि संध्याकाळी रिक्षात बसल्यावर पुन्हा तेच. "यांच्याकडे दुसरी गाणीच नाहीत का?" हा प्रश्न मग हमखास निघतो. बेळगाव, पणजी, इंदूर, बडोदा, हैदराबाद अशा शहरांतल्या मराठी घरांत त्याला आणखी एक प्रश्न जोडला जातो. आपली एवढी माणसं इथे राहत असताना एफएमवर मराठी गाणं क्वचितच का ऐकू येतं?

या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं, आणि ते म्हणजे केंद्राचा 'फॉर्मॅट'. गाणं चांगलं आहे की वाईट, हा केंद्रासमोरचा पहिला प्रश्न नसतो. आपण ज्या श्रोत्यासाठी केंद्र चालवतो तो श्रोता हे गाणं संपेपर्यंत थांबेल की बटण फिरवेल, हा पहिला प्रश्न असतो. गाणं निवडण्याची सगळी यंत्रणा याच प्रश्नाभोवती उभी आहे.

फॉर्मॅट म्हणजे नेमकं काय?

फॉर्मॅट म्हणजे केंद्राने श्रोत्याला आणि जाहिरातदाराला एकाच वेळी दिलेला शब्द. श्रोत्याला सांगितलं जातं की कधीही रेडिओ लावा, अशाच प्रकारची गाणी मिळतील. जाहिरातदाराला सांगितलं जातं की आमच्याकडे अमुक वयाचे, अमुक खर्च करणारे लोक ऐकतात. दुसरा शब्द खरा ठरायचा असेल तर पहिला पाळावाच लागतो.

भारतातल्या बहुतेक खासगी केंद्रांचा फॉर्मॅट 'ताजी हिट गाणी' हा आहे, म्हणजे नव्या हिंदी चित्रपटांची गाणी आणि त्यांच्या जोडीला गेल्या काही वर्षांतली लोकप्रिय गाणी. काहींनी जुन्या गाण्यांचा फॉर्मॅट घेतला. २०१६ मध्ये दिल्ली आणि मुंबईत सुरू झालेलं रेडिओ नशा हे त्याचं उदाहरण. गोवा आणि बंगळुरूत इंडिगो ९१.९ हे केंद्र इंग्रजी पॉप गाण्यांसाठी ओळखलं जातं. दक्षिणेतल्या शहरांत कन्नड, तेलुगू, तमिळ गाण्यांची केंद्रं आहेत.

चांगलं गाणं आणि फॉर्मॅटमध्ये बसणारं गाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्रिटनमध्ये १९९६ साली यावरून थेट कोर्टकचेरी झाली. 'स्टेटस क्वो' हा तिथला जुना, नावाजलेला बँड. त्यांचं नवीन गाणं बीबीसी रेडिओ वनने आपल्या यादीत घेतलं नाही, कारण रेडिओ वनने तरुण श्रोत्यांसाठी आपलं रूप बदलायला घेतलं होतं. बँडने बीबीसीवर दावा ठोकला आणि तो हरला.

सुरुवात ओमाहा शहरातून

आजची पद्धत अमेरिकेत १९५० च्या दशकात जन्मली. नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरात टॉड स्टॉर्झ यांनी १९४९ मध्ये केओडब्ल्यूएच हे केंद्र विकत घेतलं. त्यांच्याबद्दल एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. एका हॉटेलात ज्यूकबॉक्स होता, म्हणजे नाणं टाकलं की हवं ते गाणं वाजवणारं यंत्र. गिऱ्हाइकं दिवसभर त्यावर मोजकीच गाणी पुन्हा पुन्हा लावत होती. रात्री हॉटेल बंद व्हायच्या वेळी, दिवसभर तीच गाणी ऐकलेल्या वेट्रेसने स्वतःच्या खिशातलं नाणं टाकलं आणि तेच गाणं परत लावलं. या गोष्टीचे तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात, पण त्यातून निघालेला धडा साऱ्या रेडिओ व्यवसायाने उचलला. लोकांना आवडतं गाणं पुन्हा ऐकायला आवडतं, तेव्हा गाणी कमी ठेवा आणि आवर्तनं वाढवा. यालाच पुढे 'टॉप फोर्टी' हे नाव पडलं.

त्या काळी कुठली रेकॉर्ड लावायची हे बहुतेक ठिकाणी निवेदकच ठरवत असे. रेकॉर्ड कंपन्या त्याला पैसे चारू लागल्या. १९५९-६० मध्ये अमेरिकन काँग्रेससमोर याची चौकशी झाली. ॲलन फ्रीड या तेव्हाच्या सर्वांत गाजलेल्या निवेदकाची नोकरी गेली. १९६० मध्ये कायदा बदलला आणि श्रोत्यांना न सांगता पैसे घेऊन गाणं लावणं हा गुन्हा ठरला. त्यानंतर गाणं निवडण्याचा अधिकार निवेदकाच्या हातून निघून कार्यक्रम विभागाच्या प्रमुखाकडे गेला. आज भारतात आरजे गाणं निवडत नाही, त्याची मुळं त्या प्रकरणापर्यंत जातात. अर्थात खोड पूर्ण मोडली असं नाही. २००५ मध्ये सोनी बीएमजी या कंपनीने अशाच आरोपांवरून न्यूयॉर्क राज्याशी १ कोटी डॉलर भरून तडजोड केली.

आपल्याकडचा इतिहास

भारतात गाणं निवडण्याचा प्रश्न आधी सरकारी होता. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व प्रसारण मंत्री झाले. शास्त्रीय संगीताला त्यांनी मोठं बळ दिलं, पण चित्रपट संगीत त्यांना हलकं वाटे. ऑल इंडिया रेडिओवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते मात्र गाण्यांवाचून बसले नाहीत. त्यांनी रेडिओचा काटा सिलोनकडे फिरवला. त्याच १९५२ साली रेडिओ सिलोनवर अमीन सयानी यांची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि देशभर गाजली.

गाण्यांचा क्रम लावण्यासाठी गीतमालेत रेकॉर्डच्या दुकानांतली विक्री पाहिली जाई. त्याच्या जोडीला गावोगावच्या श्रोता संघांकडून पत्रांनी मतं येत. लोकांना काय हवं ते मोजून त्याप्रमाणे गाणी लावण्याचा हा आपल्याकडचा पहिला मोठा प्रयोग म्हणता येईल. अखेर सरकारलाही वाकावं लागलं. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली आणि १९६७ पासून तिच्यावर जाहिरातीही लागू लागल्या.

खासगी एफएम आलं ते २००१ मध्ये. बंगळुरूत रेडिओ सिटीने जुलै २००१ मध्ये प्रसारण सुरू केलं. पुढे २००५-०६ आणि २०१५ च्या लिलावांतून एफएम मध्यम आणि छोट्या शहरांत पोहोचलं. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आणखी २३४ शहरांत ७३० वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. मातृभाषेतल्या स्थानिक कार्यक्रमांना चालना मिळावी, हा हेतू त्या वेळी सांगण्यात आला होता.

निवडतं कोण?

मोठ्या केंद्रात कार्यक्रम प्रमुख आणि त्याच्या हाताखाली संगीत व्यवस्थापक असतो. आठवड्यातून एकदा बैठक बसते. कंपन्यांकडून आलेली नवी गाणी ऐकली जातात, कुठलं यादीत घ्यायचं, कुठलं काढायचं, कुठल्याचं आवर्तन वाढवायचं हे ठरतं. बीबीसी रेडिओ वनमध्येही अशीच साप्ताहिक समिती आहे आणि ती गाण्यांची ए, बी, सी अशी प्रतवारी करते.

छोट्या शहरात चित्र वेगळं असतं. तिसऱ्या टप्प्याच्या धोरणाने एका कंपनीला आपल्या सगळ्या केंद्रांवर एकच कार्यक्रम जोडून लावण्याची मुभा दिली. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी गाण्यांची मूळ यादी मुख्यालयातून किंवा जवळच्या मोठ्या शहरातून येते. स्थानिक केंद्राला त्यात थोडाफार फेरफार करता येतो. आपल्या शहरातला आरजे गल्लीबोळ ओळखत असला, तरी त्याच्या बोलण्यानंतर लागणारं गाणं चार-पाचशे किलोमीटरवर ठरलेलं असू शकतं.

फोन करून फर्माईश केली आणि गाणं लगेच लागलं, असंही अनेकदा होतं. त्यामागचं गुपित साधं आहे. येणाऱ्या बहुतेक फर्माईशी यादीतल्याच गाण्यांच्या असतात, आणि आरजे पुढे लागणारच असलेल्या गाण्याला त्या श्रोत्याचं नाव जोडतो.

गाण्याला लावल्या जाणाऱ्या कसोट्या

बैठकीत गाणं तपासताना साधारण पुढच्या गोष्टी पाहिल्या जातात.

*भाषा.* भारतात ही पहिली चाळणी. हिंदी केंद्रावर इतर भाषेतलं गाणं सहसा इथेच गळतं. अपवाद अफाट लोकप्रियतेचा. २०११ च्या अखेरीस 'कोलावेरी डी' हे तमिळ-इंग्रजी मिसळीचं गाणं इंटरनेटवर इतकं पसरलं की हिंदी केंद्रांनीही ते लावलं.

*काळ.* गाणं या वर्षीचं, गेल्या पाच वर्षांतलं की १९९० च्या दशकातलं? तिशी-चाळिशीच्या श्रोत्याला शाळा-कॉलेजच्या दिवसांतली गाणी जवळची वाटतात. म्हणून केंद्राला कोणता वयोगट हवा आहे त्यावर जुन्या गाण्यांचं दशक ठरतं.

*लय आणि मूड.* सकाळी कामावर जाणाऱ्याला रडकं गाणं नको असतं. सलग तीन संथ गाणी लागली तर श्रोता निसटतो. गाण्याला संथ, मध्यम, जलद अशी खूण करून ठेवतात.

*सुरुवात आणि लांबी.* गाणं सुरू झाल्यावर गायकाचा आवाज किती सेकंदांनी येतो, याची नोंद असते. तेवढ्या वेळात आरजे संगीतावर बोलून घेतो. सुरुवातीचं संगीत फारच लांब असेल, किंवा सहा-सात मिनिटांचं गाणं असेल, तर रेडिओसाठी कापलेली आवृत्ती वापरतात.

*ओळख.* श्रोत्याला गाणं आधीच माहीत आहे का? अनोळखी गाणं ही जोखीम असते. नव्या गाण्याच्या अलीकडे-पलीकडे हमखास ओळखीची गाणी ठेवण्याची पद्धत त्यातूनच आली.

*शब्द.* खासगी एफएमला आकाशवाणीची कार्यक्रम आणि जाहिरात संहिता लागू आहे. शिवीगाळ आणि अश्लील शब्द चालत नाहीत. २०२२ च्या अखेरीस केंद्र सरकारने दारू, अमली पदार्थ, शस्त्रं आणि गुंडगिरीचा उदोउदो करणारी गाणी न लावण्याची सूचना केंद्रांना दिली.

वेळेप्रमाणे कसोट्या बदलतात. पहाटे भक्तिगीतं, सकाळी जोरकस ताजी गाणी, दुपारी घरात आणि दुकानात चालतील अशी मध्यम लयीची, रात्री जुनी किंवा हळवी गाणी, अशी वाटणी बहुतेक केंद्रांवर दिसते.

दहा सेकंदांची परीक्षा

अंदाजावर चालण्यापेक्षा मोजून पाहावं, म्हणून अमेरिकेत गाण्यांची चाचणी सुरू झाली. गाण्याचा सर्वांत लक्षात राहणारा तुकडा, साधारण पाच ते पंधरा सेकंदांचा, फोनवर श्रोत्याला ऐकवतात. मग तीन गोष्टी विचारतात. हे गाणं ओळखता का? किती आवडतं? आणि ऐकून कंटाळा आलाय का?

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. गाणं आवडतं असूनही लोक कंटाळले असतील, तर त्याचं आवर्तन कमी करतात. मात्र इथे एक मेख आहे. केंद्रातली माणसं तेच गाणं दिवसभर ऐकतात, म्हणून त्यांना त्याचा वीट श्रोत्यांच्या कितीतरी आधी येतो. श्रोता दिवसातून तुकड्या-तुकड्याने ऐकतो. "आम्ही कंटाळलो म्हणजे लोकही कंटाळले" असं समजून गाणं लवकर काढू नये, हा या धंद्यातला जुना नियम आहे.

जुन्या गाण्यांसाठी मोठ्या सभागृहात लोकांना बोलावून शेकडो तुकडे एकापाठोपाठ ऐकवतात आणि गुण घेतात. त्यातून कित्येक चांगली गाणी कायमची बाहेर पडतात, कारण गुणांची सरासरी काढली की थोड्यांना फार आवडणारं गाणं मागे पडतं आणि कुणालाच न खटकणारं गाणं पुढे जातं. सगळी केंद्रं एकसारखी वाटतात त्याचं एक कारण हे आहे.

भारतात मोजमापाची बाजू लंगडी राहिली. टॅम संस्थेने २००७ मध्ये सुरू केलेलं 'रॅम' हे डायरी पद्धतीचं मापन मुंबई, दिल्ली, बंगळुरू आणि कोलकाता या चार महानगरांपुरतं होतं. बाकी शहरांत केंद्रं यूट्यूबवरची संख्या, ऑनलाइन गाण्यांच्या याद्या, रील्सवर काय चाललंय, फोन आणि व्हॉट्सॲपवर येणाऱ्या फर्माईशी आणि मुख्यालयाचा अंदाज यांवर चालतात. ज्या श्रोत्याची मोजणीच होत नाही, त्याची आवड यादीत उतरणं अवघड असतं.

तासाचं घड्याळ

यादी ठरली की गाणी तासात बसवायची असतात. त्यासाठी केंद्राकडे गोल घड्याळाचा तक्ता असतो. कुठल्या मिनिटाला जाहिरात, कुठे आरजे, कुठे कुठल्या गटातलं गाणं, हे त्यावर आखलेलं असतं.

साधा हिशेब मांडून पाहू. समजा, तासात १२ गाणी लागतात. सरासरी ४ मिनिटं धरली तर ४८ मिनिटं गाण्यांची झाली. उरलेली १२ मिनिटं जाहिराती, आरजेचं बोलणं आणि केंद्राच्या धूनची. या १२ जागांपैकी ३ सर्वांत जोरात चाललेल्या गाण्यांना, ३ नव्या चढत्या गाण्यांना, ४ अलीकडे उतरलेल्या पण अजून आवडत्या गाण्यांना आणि २ जुन्यांना दिल्या.

आता 'जोरात' गटात फक्त ६ गाणी आहेत असं धरू. तासाला ३ जागा, म्हणजे प्रत्येक गाणं दर दोन तासांनी परत येणार. सकाळी ६ ते रात्री १२ या १८ तासांत एकेक गाणं ९ वेळा. सकाळी, दुपारी, संध्याकाळी तेच गाणं का लागतं, त्याचं उत्तर या गुणाकारात आहे.

त्यात आणखी एक बारकावा आहे. गटात ६ गाणी ठेवली आणि २४ तास हेच चक्र चाललं तर दिवसाच्या ७२ जागांना ६ ने पूर्ण भाग जातो. म्हणजे रोज सकाळी ९ वाजता तेच गाणं येणार आणि रोज त्याच वेळी रिक्षात बसणाऱ्याला तेवढंच ऐकू येणार. गटात ७ गाणी ठेवली की भाग पुरा जात नाही, दोन उरतात, आणि गाण्यांच्या वेळा रोज सरकतात. म्हणून गटातली संख्या मुद्दाम अशी ठेवतात की भाग निःशेष जाऊ नये.

हे सगळं आता संगणक करतो. अमेरिकेत १९७९ मध्ये स्थापन झालेल्या आरसीएस कंपनीची 'सिलेक्टर' ही प्रणाली जगभर पसरली. एकाच गायकाची दोन गाणी लागोपाठ नकोत, दोन संथ गाणी जोडून नकोत, काल या तासाला लागलेलं गाणं आज त्याच तासाला नको, असे नियम भरले की यंत्र दिवसाची यादी काढून देतं. संगीत व्यवस्थापक त्यावरून नजर फिरवतो आणि हाताने दुरुस्त्या करतो.

पैशाचा हिशेब

श्रोता एफएमला एक पैसा देत नाही. केंद्राचं मुख्य उत्पन्न जाहिरातींचं, आणि तीही दहा-दहा सेकंदांच्या दराने विकली जाते. खर्चाच्या बाजूला लिलावात भरलेली मोठी रक्कम, एकूण उत्पन्नाच्या ४ टक्क्यांच्या आसपास वार्षिक परवाना शुल्क, मनोरा, वीज, पगार आणि गाण्यांची रॉयल्टी असते. रॉयल्टीवरून संगीत कंपन्या आणि केंद्रांचा वाद बरीच वर्षं चालला. २०१० मध्ये कॉपीराइट बोर्डाने जाहिरातींच्या निव्वळ उत्पन्नाच्या २ टक्के असा दर ठरवला होता.

त्यातच खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही. आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं, एवढंच. म्हणजे विकायला गाणी आणि आरजेची बडबड एवढाच माल. परवाना महाग आणि माल एकाच प्रकारचा, अशा धंद्यात कुणी सहसा धोका पत्करत नाही. शहरात चार केंद्रं असली तरी चौघेही सर्वांत मोठ्या गर्दीच्या मागे धावतात, आणि उरलेल्या श्रोत्यांसाठी कुणीच उरत नाही.

मराठी गाणं कुठे अडतं?

मराठी गाण्याची अडचण सीमेपलीकडेच होती असं नाही. महाराष्ट्राच्या राजधानीतही ती होती. मुंबईतल्या एका खासगी केंद्रावर मराठी गाणी लावली जात नव्हती, कारण त्याने केंद्राला 'डाउनमार्केट' रंग येईल असं तिथे मानलं जात होतं. हा अनुभव संगीतकार कौशल इनामदार यांनी जाहीरपणे अनेकदा सांगितला आहे. त्यातूनच त्यांनी सुरेश भटांच्या कवितेवर शेकडो गायकांना घेऊन 'मराठी अभिमानगीत' केलं आणि ते २०१० च्या मराठी भाषा दिनी प्रकाशित झालं.

'डाउनमार्केट' या शब्दात फॉर्मॅटचं सगळं गणित आहे. हा शेरा चालीवर किंवा गायकीवर नव्हता. मराठी ऐकणारा माणूस कमी खर्च करतो, असं जाहिरातदाराला वाटेल, ही त्यामागची भीती होती. चालीत खोट नव्हती याचा पुरावा पुढे हिंदीनेच दिला. अजय-अतुल यांच्या 'कोंबडी पळाली'ची चाल २०१२ च्या 'अग्निपथ'मध्ये 'चिकनी चमेली' म्हणून आली आणि हिंदी केंद्रांवर धडाक्यात वाजली. २०१६ मध्ये 'सैराट' आला. 'झिंगाट' मराठीतच इतकं गाजलं की भाषेची चाळणी त्याला अडवू शकली नाही. दोन वर्षांनी ते 'धडक'मध्ये हिंदीतही आलं. आज मुंबई-पुण्यात एफएमवर मराठी गाणी लागतात, पण ती जागा आपोआप मिळालेली नाही.

सीमाभागात आणि महाराष्ट्राबाहेरच्या जुन्या मराठी वस्त्यांत अडचण दुहेरी आहे. एफएमचा परवाना शहराचा असतो आणि लहरी साधारण सरळ रेषेत जातात, त्यामुळे डोंगर आणि अंतर आडवं येतं. सांगली आकाशवाणीसारख्या मध्यम लहरींवरच्या केंद्राचा आवाज राज्याची हद्द ओलांडून दूरवर जातो, तसं एफएमचं होत नाही. दुसरं म्हणजे इंदूर किंवा बडोद्यातला मराठी माणूस हिंदी गाणीही आवडीने ऐकतो. केंद्राच्या हिशेबात तो 'हिंदी श्रोता' म्हणून आधीच जमा झालेला असतो. त्याच्यासाठी वेगळं काही करावं, असं मग केंद्राला वाटत नाही.

बंगळुरूचं उदाहरण इथे उपयोगी आहे. खासगी एफएमच्या सुरुवातीला तिथे हिंदी, इंग्रजी आणि कन्नड अशी खिचडी होती. पुढे कन्नड श्रोता मोठा आहे आणि जाहिरातदारालाही तो हवा आहे, हे ध्यानात आल्यावर अनेक केंद्रं कन्नडकडे वळली. श्रोता तोच होता, फक्त त्याची मोजणी बदलली.

दुसऱ्या देशांनी काय केलं?

बाजारावर सोडलं तर मोठी भाषा छोटीला गिळते, हे ओळखून काही देशांनी नियम केले. कॅनडाने १९७१ मध्ये रेडिओवर ३० टक्के कॅनेडियन संगीत सक्तीचं केलं, लोकप्रिय संगीतासाठी ते प्रमाण पुढे ३५ टक्के झालं. तिथल्या फ्रेंच केंद्रांना ६५ टक्के लोकप्रिय गाणी फ्रेंच भाषेतली लावावी लागतात. फ्रान्समध्ये १९९६ पासून ४० टक्के फ्रेंच गाण्यांचा नियम आला.

पळवाटही लगेच निघाली. फ्रान्समधली काही केंद्रं मोजकीच फ्रेंच गाणी पुन्हा पुन्हा लावून कोटा भरू लागली. २०१६ मध्ये कायदा दुरुस्त करावा लागला. सर्वाधिक वाजणाऱ्या दहा फ्रेंच गाण्यांचाच वाटा कोट्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाला, तर वरचं प्रमाण मोजायचं नाही, अशी अट आली. आपल्याकडे मात्र कुठल्या भाषेची किती गाणी, हे व्यवहारात केंद्राच्या बाजारगणितावरच ठरतं.

स्थानिक कलाकार आणि श्रोत्यांनी काय करावं?

गाणं केंद्राकडे पाठवायचं असेल तर आरजेऐवजी संगीत व्यवस्थापकाला गाठावं. गाणं उत्तम ध्वनिदर्जाचं आणि शक्यतो चार मिनिटांच्या आतलं असावं. गायकाचा आवाज लवकर यावा. गीत, संगीत आणि ध्वनिमुद्रणाचे हक्क कोणाकडे आहेत याची कागदपत्रं आणि आयएसआरसी क्रमांक सोबत द्यावा, कारण हक्कांचा घोळ असलेलं गाणं केंद्र लावत नाही. गणेशोत्सव, शिवजयंती, मराठी भाषा दिन अशा वेळी विशेष कार्यक्रमांना गाणी हवी असतात. ती तीन-चार आठवडे आधी पोहोचली पाहिजेत.

श्रोत्यांनी फर्माईश करताना "मराठी गाणं लावा" एवढंच न म्हणता गाण्याचं नाव सांगावं. अशा नोंदी बैठकीत वापरता येतात. आणि स्थानिक मराठी व्यापाऱ्यांच्या हातात सर्वांत मोठं साधन आहे. सराफ, साडीचं दुकान, मंगल कार्यालय, क्लासेस यांनी जाहिरात देताना "आमचं गिऱ्हाईक मराठी आहे, जाहिरात आणि त्या वेळची गाणी मराठीत हवीत" असं सांगितलं, तर केंद्राला ते ताबडतोब समजतं, कारण ती त्यांच्या हिशेबाची भाषा आहे.

खासगी केंद्रांना पर्यायही आहेत. पणजी आकाशवाणीवरून कोकणीबरोबर मराठी कार्यक्रम होतात. शंभर वॅट क्षमतेपर्यंतची सामुदायिक केंद्रं शिक्षणसंस्था आणि २००६ च्या धोरणापासून स्वयंसेवी संस्थाही चालवू शकतात. बेळगावात केएलई संस्थेचं वेणुध्वनी ९०.४ हे असं केंद्र आहे. त्यांचा पल्ला दहा-पंधरा किलोमीटरचा, पण गावातल्या गायकाला माईक मिळण्यासाठी तेवढा पुरतो.

केसकरांच्या काळात श्रोत्यांनी रेडिओचा काटा सिलोनकडे वळवला आणि सरकारला विविध भारती सुरू करावी लागली. आता काटा मोबाइलच्या ॲपकडे वळतो आहे, आणि मराठी गाणी तिथे हवी तेवढी मिळतात. पण ॲपवर गेलेला श्रोता शहराच्या एफएमच्या मोजणीतून आणखी एकाने कमी होतो. नव्या २३४ शहरांतली केंद्रं सुरू होतील, तेव्हा त्यांचा फॉर्मॅट ठरवणारे लोक आधी विचारतील की इथे ऐकणारा कोण आहे. सीमाभागातल्या आणि परप्रांतातल्या मराठी माणसाचं नाव त्या उत्तरात असायला हवं असेल, तर फर्माईशी आणि जाहिराती आत्तापासूनच त्यांच्या वहीत दिसल्या पाहिजेत.